दुधाचे खाडे आणि अठरा रविवार

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यातल्या चौकोनांवर मालकी सासूबाईंची. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या, भिशीचा नंबर, सगळं त्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरात. २०२४ च्या सप्टेंबरात मी लाल पेन घेऊन त्यात घुसले. रविवारच्या चौकोनात एकेक आकडा आणि खाली रेघ. महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करायला त्या चष्मा लावून बसल्या आणि आतून हाक आली, "बावीस तारखेला दहा लिटर दूध कुणी घेतलं गं? आणि एकोणतीसला अकरा?"

मी पूर्ण मॅरेथॉन पळणार आहे हे आमच्या घरात असं जाहीर झालं.

तसा दुधाचा आणि माझ्या पळण्याचा संबंध जुनाच. चाळिशी उलटल्यावर साखरेचा आकडा काठावर आला, डॉक्टर म्हणाले चालायला लागा. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दिवसभर उभीच असते, तरी म्हटलं चालू. चालता चालता एके दिवशी थोडं पळून बघितलं आणि मग राहवेना. पण साताऱ्यात, सदर बझारात, पहाटे साडेपाचला बाईमाणसाने पळायचं म्हणजे काय? मी हातात कापडी पिशवी घ्यायला लागले. पिशवी घेऊन बाई पळत असली की लोक समजतात, दुधाला उशीर झाला असेल. नुसतीच पळत असली की थांबवून विचारतात, घरी काही झालं का. त्या पिशवीने मला पहिले आठ महिने सांभाळलं. कधीकधी मी खरंच दूध आणायची, म्हणजे मग धडधडीत खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही.

पिशवी सुटली ती २०२३ च्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत उतरायचं, २१ किलोमीटर. घाटात धुकं, पाऊस आणि हजारो माणसं. आमच्या गल्लीतल्या दोघी तिथे रस्त्याकडेला टाळ्या वाजवत उभ्या होत्या, त्यांनी मला ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून पिशवी नेण्यात अर्थ नव्हता. बूट घेतले ते साडेपाच हजारांचे. घरी पंधराशे सांगितले. (हा लेख सासूबाई वाचत नाहीत. नणंद वाचते, पण तिचेही काही आकडे मला माहीत आहेत.)

तर, मुंबई मॅरेथॉन. जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे १९ जानेवारी २०२५. तिथून मागे मोजत यायचं. नवख्या माणसासाठी इंटरनेटवर सोळा, अठरा, वीस आठवड्यांचे तक्ते पैशाला पासरी मिळतात. मी अठराचा धरला, कारण मोजून बघितलं तर अठरावा आठवडा बरोबर अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात येत होता. गणपती गेले की सुरुवात, एवढं मुहूर्ताचं मलाही कळतं.

तक्त्यांचा गाभा सगळीकडे सारखाच. आठवड्यात चार दिवस पळायचं. तीन दिवस थोडं थोडं, रविवारी लांब. रविवारचं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी पळायचं, सगळ्यात लांबचा रविवार ३० ते ३२ किलोमीटरचा, तोही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. मग उतरण. सरावात पूर्ण ४२ कुणी पळायला लावत नाही, कारण त्यातून सावरण्यातच पुढचे आठवडे जातात. हे मी शाळेच्या वेळापत्रकासारखं आखलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार छोटे तास. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून आपोआप सुट्टी. रविवारी मोठा तास. चौकटी आखून, रंग देऊन, वहीत. मग ते कालनिर्णयवर उतरवायला गेले आणि तिथे मला पहिला धक्का बसला.

वहीत चौकोन रिकामे होते. कालनिर्णयवर एकही रिकामा नव्हता. पितृपंधरवडा, त्यात सासऱ्यांचं श्राद्ध. मग नवरात्र, नऊ दिवसांचे उपवास. कोजागरी. दिवाळी, आणि भाऊबीज नेमकी ३ नोव्हेंबरला, रविवारी. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं, त्यात पुतण्याचं घरातलंच. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणजे आम्हा शिक्षकांना ड्युटी. ते तक्ते ज्याच्यासाठी कुणी लिहिले, तो माणूस रविवारी सकाळी उठतो, पळतो, परत येतो आणि त्याला कुणीतरी ऑम्लेट देतं. माझ्या रविवारी नऊ वाजता नाश्त्याला सहा माणसं असतात. सगळी योजना शेवटी एवढ्यावर येऊन थांबली की अठरा रविवार सकाळचे चार-चार तास हे घर माझ्याशिवाय कसं चालेल. किलोमीटर त्यानंतर.

मी एक केलं. लाल आकडे लिहिण्याआधी सासूबाईंच्या निळ्या नोंदी नीट वाचल्या आणि कमी अंतराचे आठवडे त्यांच्याभोवती बसवले. पुतण्याच्या लग्नाच्या रविवारी दहाच किलोमीटर. श्राद्धाच्या दिवशी काहीच नाही. तक्त्याचा कर्ता हे बघून कपाळाला हात लावेल, पण त्याला वाडी-नैवेद्याचा स्वयंपाक करायचा नव्हता.

आमच्या पळणाऱ्यांच्या घोळक्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, आमच्या जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे. पासष्टीचे, सडसडीत, पळताना पावलाचा आवाज येत नाही. माझी वही त्यांना दाखवली. त्यांनी चौकटी बघितल्याच नाहीत. म्हणाले, "बाई, हे किती लांब ते झालं. किती हळू ते कुठे लिहिलंय?"

मला वाटलं चेष्टा करतात. हळू पळायला शिकायचं काय असतं? पण तेच सगळ्यात अवघड निघालं. वीस वर्षं मी घड्याळाशी शर्यत लावत आलेय. डबे, गॅस, शाळेची घंटा, पटसंख्या, पोर्टलवर माहिती भरण्याची शेवटची तारीख. बूट घातले की पाय त्याच घाईने उचलत होते. सुभेदारांचं म्हणणं, आठवड्यातलं बहुतेक पळणं असं हवं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हृदय, रक्तवाहिन्या, स्नायू, चरबी जाळून चालण्याची शरीराची सवय, हे सगळं या संथ पळण्यातच घडतं. धाप लागली की तो व्यायाम वेगळा, आणि त्याचा डोस थोडाच घ्यायचा.

माझ्या शेजारी पहाटे बोलायला कोण? मी पाढे म्हणायला लागले. सतराचा पाढा एका लयीत पूर्ण झाला तर वेग बरोबर. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीला श्वास तुटला तर वेग जास्त, हळू व्हायचं. इतकी हळू की पोवई नाक्याजवळ एकदा एक आजोबा काठी टेकत माझ्या पुढे गेले आणि वळून म्हणाले, "होईल, होईल सवय." पोटातून राग आला होता, खोटं कशाला सांगू.

रागाचं पर्यवसान नवरात्रात झालं. ६ ऑक्टोबर, तिसरा रविवार. चौकोनात १३ लिहिलं होतं. उपवासाचा चौथा दिवस, पोटात दोन खजूर आणि चहा. हवा छान होती, पाय हलके वाटत होते, आजोबा डोक्यात होते. १३ च्या ठिकाणी १६ पळले, तेही पाढे न म्हणता, घड्याळाकडे बघत. घरी येऊन नवऱ्याला अभिमानाने आकडा दाखवला. संध्याकाळी आरतीला उभी राहिले तर डाव्या नडगीच्या आतल्या बाजूने कुणीतरी सुरी फिरवतंय असं दुखायला लागलं. बोटाने दाबलं की वीतभर लांबीची ओळच्या ओळ ठणकायची. डॉक्टरांनी हाड तपासलं, तडा नव्हता. वाढत्या भाराला हाडाचं आवरण आणि त्याला धरलेले स्नायू कुरकुरतात, त्यातलं हे. नऊ दिवस पळायचं नाही. श्वास आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध महिन्यांच्या हिशेबाने चालतात. नवख्याला घात होतो तो या मधल्या फटीत. दम आहे म्हणून पळत सुटतो आणि नडगी मागे राहते. त्यात चार दिवस पोटात अन्न नाही. सासूबाई स्वतः नऊ दिवस कडक धरतात. त्यांनी वरईच्या भाताचं ताट माझ्यापुढे ठेवून सांगितलं, "देवीला एक काय ते कर. उपास कर नाहीतर पळ."

नऊ दिवस लाल चौकोन कोरे राहिले. त्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही, हे मी बघितलं होतं.

दुखणं गेल्यावर २० ऑक्टोबरला १०, २७ ला १४. आणि ३ नोव्हेंबरला भाऊबीज. माझं माहेर कोरेगाव. आमच्या दारापासून भावाच्या दारापर्यंत साधारण १९ किलोमीटर. चौकोनात १६ होतं. मी सुभेदारांना विचारलं तर म्हणाले, "शेवटचे तीन चालत जा. आई दार उघडायची काय राहणार आहे?"

पहाटे पाचला निघाले. मागून नवरा, मुलगा आणि ओवाळणीचं सामान स्कूटरवर आठ वाजता निघणार होतं. संगम माहुलीला कृष्णेच्या पुलावर पोचले तेव्हा पाण्यावर धूर असल्यासारखं धुकं होतं आणि पलीकडे स्टेशनात कुठल्यातरी मालगाडीची शिट्टी. पुढे डावीकडे जरंडेश्वराचा डोंगर उजळायला लागला. लहानपणापासून हा रस्ता मी एसटीच्या खिडकीतून बघितलाय आणि मला खात्री होती की तो सपाट आहे. तो सपाट नाही. एसटीला जो चढ कळत नाही तो पोटरीला कळतो. त्रिपुटीच्या आसपास दोन कुत्री मागे लागली. कुत्रं मागे लागलं की थांबायचं, वळायचं आणि खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. पळत राहिलं तर त्यालाही मॅरेथॉनची हौस येते. सोळाव्या किलोमीटरला इमानदारीत चालायला लागले. घरी पोचले तेव्हा अंगणात आई तुळशीपाशी होती. घामाने मिठाची रेघ उठलेला माझा टीशर्ट, पायात ते बूट, हातात काही नाही. तिने वर-खाली बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एसटीचा संप आहे का गं?"

भावाने ओवाळणीत पाकीट दिलं आणि त्यावर राजगिऱ्याच्या चिक्कीचा पुडा. ते त्याने गमतीने दिलं असेल, पण ती चिक्की पुढे फार कामाला आली.

निवडणुकीचं थोडक्यात सांगते. १९ नोव्हेंबरला साहित्य घेऊन केंद्रावर, रात्र वर्गातल्या बाकांवर, २० ला पहाटेपासून मतदान, यंत्रं जमा करून घरी परतेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. त्या आठवड्यातले तिन्ही छोटे तास बुडाले. मी ते शनिवार-रविवारी भरून काढायचा बेत केला होता. सुभेदार म्हणाले, "बुडालेलं बुडालं. उधारी नाही." एवढंच. तो रविवार मी ठरलेले २४ पळले, वर एकही नाही.

तोवर उसाचा हंगाम सुरू झाला होता. ज्यांनी आमच्याकडचे रस्ते बघितलेत त्यांना सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी दोन मोठे स्पीकर. चढावर त्याचा आणि माझा वेग सारखा. बारा-पंधरा मिनिटं आम्ही शेजारी शेजारी जात राहायचो, तो गाणं लावून, मी पाढे म्हणत. एक पोरगा तर रोजचा ओळखीचा झाला. "ताई, बसा की ट्रॉलीत, कारखान्यापर्यंत सोडतो," म्हणायचा. एकदा त्याने वरून उसाचं कांडं टाकलं. पळता पळता ऊस खाता येत नाही, प्रयत्न करून बघितलाय.

खाण्याचा मुद्दा मी उशिरा शिकले. शरीर साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं; तो पळणाऱ्याला साधारण ३० किलोमीटरच्या आसपास नेतो आणि संपतो. तिथे जे होतं त्याला पळणारे भिंत म्हणतात. चरबी भरपूर असते, माझ्याकडे तर होतीच, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. म्हणून लांबच्या पळण्यात पहिल्या तासापासूनच थोडं थोडं खात राहायचं, भुकेची वाट बघायची नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं असा साधारण हिशेब. दुकानात त्यासाठी जेलच्या पुड्या मिळतात, एकेक शंभर-दीडशे रुपयांना. मी चिक्कीचे तुकडे, खजूर आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांवर निभावलं. साताऱ्याची आहे म्हणून कंदी पेढाही आजमावला. २२ व्या किलोमीटरला तोंडाला चिकटलेला कंदी पेढा आणि पाणी पुढच्या मोरीपाशी, हा अनुभव एकदाच घ्यावा.

२९ डिसेंबरला ३२. सर्वांत लांबचा रविवार. नवरा स्कूटरवर दर चार किलोमीटरला थांबायचा, डिकीत बाटल्या आणि व्हॅसलिन. २४ पर्यंत मजेत. २७ ला मी सतराचा पाढा सुरू केला आणि सतरा सक्कमला अडकले. वीस वर्षं शिकवतेय. सोपा घेऊ म्हणून सातचा घेतला. सात सक्कं बेचाळीस आलं, आणि पुढे काही येईना. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. पाय चालू होते, म्हणजे आहेत एवढं कळत होतं. नवऱ्याने चिक्की पुढे केली तर मी त्याच्यावर ओरडले की तू स्कूटर इतकी लांब का लावतोस. त्याने गुपचूप स्कूटर दोन पावलं पुढे घेतली. पाच तासांच्या आत ते संपलं आणि मी मोरीच्या कठड्यावर बसून रडले, दुःखाने नाही, आनंदाने नाही, नुसतीच. सुभेदारांना फोन लावला. विचारलं, "उरलेले दहा कुठून आणायचे?" ते म्हणाले, "दहा नाही, दहा आणि १९५ मीटर."

मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते, आणि हे १९५ मीटर प्रकरणही गमतीचं. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, त्यातून हे अंतर आलं आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. आणि बायकांना ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळू दिली ती थेट १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्याच ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली, आणि त्यानंतर ३२ वर्षांनी रिओमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली ती आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. चौथीच्या वर्गात मी हे दरवर्षी सांगते. यंदा एका मुलीने विचारलं, बाई तुम्ही कितव्या येणार? मी म्हटलं, मुंबईत पन्नास हजारांवर माणसं पळतात, सगळी अंतरं धरून. ती म्हणाली, मग शेवटून सांगा.

शेवटचे तीन आठवडे उतरणीचे. अंतर कमी करत न्यायचं, विश्रांती घ्यायची, शरीर डागडुजी करतं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात मला रोज नवीन ठिकाणी दुखायला लागलं. गुडघा, टाच, एकदा तर कान. वर्गात एक मूल शिंकलं की मी दोन पावलं मागे. त्यात वर्ष बदललं, जुनं कालनिर्णय उतरलं आणि नवीन टांगलं गेलं, कोरं करकरीत. माझे सगळे लाल आकडे जुन्यावर. नव्यावर फक्त तीन लिहायचे होते: दोन रविवारांचे २० आणि १२ किलोमीटर, आणि १९ तारखेचा आकडा. पहिले दोन लिहिले. तिसऱ्या चौकोनात काही लिहायचा धीर होईना, तो तसाच सोडला.

शर्यतीबद्दल फार लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. गिरगावात मावसबहिणीकडे मुक्काम, पहाटे पाचला सीएसएमटीपासून सुरुवात, एरवी पायी जाता येत नाही त्या सी लिंकवरून समुद्रावरचा उजेड. पाढे ३४ पर्यंत टिकले. परतीला पेडर रोडचा चढ आला तेव्हा बहुतेक सगळे चालत होते. मला यवतेश्वरपुढे तो फार नाही वाटला, पण चालले मीही. एका बिल्डिंगखाली कुणी आजी स्टुलावर बसून संत्र्याच्या फोडी वाटत होत्या. ५ तास ४१ मिनिटं. त्या मुलीला शेवटून मोजून सांगायचं अजून बाकी आहे.

सोमवारी संध्याकाळी साताऱ्यात परतले. जिने उलटे, पाठीमागून उतरावे लागत होते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिजशेजारी जानेवारीचं पान. १९ च्या चौकोनात तेच बारीक, तिरपं अक्षर, फक्त निळ्याऐवजी माझ्या लाल पेनाने: दूध अर्धा लि. कमी. सूनबाई ४२.